भोंग्याच्या गळ्याला लावलेली गिटार

९ जानेवारी

भोंग्या,

पाकीट फोडलंस, म्हणजे माझं अक्षर ओळखलं नसणार. आता फोडलंच आहेस तर वाच. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसतोस. म्हणून कागद. कागदाचं बरं असतं, फाडायचा म्हटला तरी हात चालवावा लागतो.

तुझी खुशाली ढोल्याकडून कळते. तुमच्या बँडमधला तेवढा एकच माणूस अजून माझ्याकडे येऊन-जाऊन असतो. ड्रम सोडून आता गाद्यांचं दुकान चालवतो, म्हणजे बडवणं काही सुटलेलं नाही. त्याने सांगितलं की तू भाजीबाजारात लिलाव पुकारतोस आणि पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसतात. मी अजून लोकांना गाडी शिकवते. माझ्या बाजूचा ब्रेक दाबून दाबून गुडघा कामातून गेलाय. झाली खुशाली.

माझ्या धाकट्या भावाला जाऊन दोन वर्षं झाली. तू आला नाहीस. त्यावर मी बोलत नाही, कारण बोलायला लागले तर पत्र तिथेच संपेल आणि काम राहून जाईल. काम असं आहे.

शेवटच्या वर्षी धाकट्याने माझ्या मागच्या खोलीत एकट्याने बसून सात गाणी रेकॉर्ड करून ठेवली. नुसती गिटार. शब्द तुझे. बँड फुटला तेव्हा तू लिहून ठेवलेली आणि कधीच न झालेली ती गाणी, त्यांना याने चाली बांधल्या. गेल्या महिन्यात खोली आवरताना त्याच्या पोरीला सापडली. रेकॉर्ड कंपनीवाल्यांना कुठून वास लागला देव जाणे, पण आठवड्यात दारात हजर. जिवंत होता तेव्हा त्याला दारात उभं करत नव्हते, आता म्हणे त्याच्यासारखा गिटारवाला पुन्हा होणे नाही.

आणि तेच पुढे म्हणतात की गिटार बेसूर आहे. सात गाणी सात वेगवेगळ्या पट्ट्यांत, एकही धड नाही. ते सगळं कॉम्प्युटरवर ओढून ताणून सरळ करणार, नेहमीच्या पट्टीत चढवणार आणि वरून कुणीतरी ताज्या दमाचा पोरगा गाणार. त्यासाठी तुझा होकार लागतो, कारण शब्द तुझे. आणि गिटारीसाठी पोरीचा, म्हणजे ती अजून लहान म्हणून तिच्या वतीने माझा. एप्रिलअखेरपर्यंत मुदत आहे.

मी सांगितलं, गिटारीला केसभरही हात लावायचा नाही. जशी आहे तशी जाईल. आणि गाणार भोंगा. ते हसले. हसू देत.

तुला वाटेल, ताईला आता म्हातारपणी कसलं खूळ लागलं. खूळ पोरीने लावलं. कुठूनतरी तिने तुझी ती जुनी रेडिओवरची मुलाखत शोधून काढली. तीच, ज्यात तू म्हणालास, ‘आमचा गिटारवाला बेसूर झाला होता, म्हणून बँड फुटला.’ स्वयंपाकघरात येऊन मला विचारते, “आत्या, बाबा पीत होते ते मला माहितीये, मी पाहिलंय. ते जाऊ दे. पण ते बेसूर होते का?”

मला सुरातलं काय कळतं? मला गिअरमधली खरखर कळते. मी भाजी चिरत राहिले. पण तिला उत्तर मिळाल्याशिवाय मी काही गप्प बसणार नाही, आणि ते उत्तर तुझ्याकडे आहे, हे तुलाही ठाऊक आहे.

कळव.

तुझी की नाही ते तूच ठरव,
ताई


३० जानेवारी

भोंग्या,

तुझं कार्ड पोचलं. ‘ताई, मला यात ओढू नकोस. कंपनी म्हणते तसं होऊ दे.’ एवढंसं लिहायला तीन आठवडे लागले? लिलावात एवढा वेळ लावलास तर टोमॅटो सडतील.

मला आतापर्यंत ती गाणी ऐकवत नव्हती, हे मागच्या पत्रात लिहिलं नाही. पोरीने दिली तेव्हापासून तबकडी गाडीच्या कप्प्यात पडून होती, विम्याच्या कागदांखाली. तुझं कार्ड वाचून डोकं फिरलं म्हणून काढली. घरी लावली असती तर पोरीसमोर रडले असते. म्हणून ढोल्याला बोलावलं आणि गाडीतच लावली. त्या वेळी शिकवणीची बाई गाडी चालवत होती, बँकेत कॅशियर आहे, स्वभावाने फार गरीब. थोड्या वेळाने म्हणते, “मॅडम, हे बंद करता का? माझा क्लच सुटतोय.” मी म्हटलं, “क्लच तुमचा रोजच सुटतो. गिटारीला बोल लावू नका.”

मागच्या सीटवर ढोल्या आधी बोटांनी ठेका धरत होता. मग थांबला. पुढे वाकून कान पार स्पीकरला लावला.

“ताई, कोण म्हणतं ही बेसूर आहे?”

“कंपनी म्हणते. भोंगा म्हणतो. सगळं जग म्हणतं.”

“अगं, तारा एकमेकींशी काय सुरेख लागल्यात! फक्त अख्खी गिटार खाली उतरवलीये. हे गाणं एवढं खाली, पुढचं जरा कमी. ही कुणाच्या तरी गळ्याला लावलीये. त्या त्या दिवशी, त्या त्या गळ्याला.”

तेव्हा मला माझं जुनं गॅरेज आठवलं. तुम्ही तालमीला यायचात तेव्हा आधी तुला स्टुलावर बसवून धाकटा म्हणायचा, “कर.” आणि तू घसा तपासायला आलेल्या पेशंटसारखा ‘आऽ’ करायचास. तो डोळे मिटून खुंट्या पिळायचा. सर्दी असली, जागरण असलं, भांडण झालेलं असलं, तर तुझा ‘आ’ खाली यायचा आणि गिटारही मुकाट्याने खाली यायची. बाकीची दुनिया यंत्र बघून गिटार लावते, तुमची गिटार तुझ्या गळ्याला लागायची. मला तेव्हा तो पोरखेळ वाटायचा.

मोठ्या मैदानावरच्या कार्यक्रमाच्या त्या रात्रीचंही ढोल्याने पहिल्यांदाच नीट सांगितलं. इतकी वर्षं मी ते गर्दीतल्या लोकांकडूनच ऐकत आले होते. तुझा घसा बसला होता. धाकट्याने पडद्यामागे तुझा ‘आ’ ऐकून गिटार उतरवली आणि नेहमीप्रमाणे कुणाला काही बोलला नाही. तुम्हाला कधी सांगावंच लागत नव्हतं. पण त्या दिवशी कंपनीने भाड्याने की-बोर्डवाला दिला होता, आणि त्याचं यंत्र काही कुणाच्या घशाकडे बघून उतरत नाही. पहिल्याच गाण्याला दोघांची टक्कर. लोकांनी शिट्ट्या मारल्या, बाटल्या फेकल्या. मध्यंतरात धाकटा प्यायला, पुन्हा वर चढला आणि स्टेजवरून खाली पडला. मनगट मोडलं.

ढोल्या म्हणाला, “ताई, की-बोर्डवाल्याला एक शब्द सांगितला असता तर सगळं निभावलं असतं. पण आपल्या धाकट्याला बोलायची सवयच नव्हती.”

मी त्याला संत करायला बसलेले नाही. बाटली त्याने स्वतःच्या हाताने उचलली, तू नाही. पुढच्या दौऱ्याला तुम्ही बसमध्ये ताटकळलात आणि हा आलाच नाही. पोरीला शाळेच्या फाटकात ठेवून विसरला. त्याची बायको गेली ती त्याच्या वागण्याने गेली, आणि मी तिच्या जागी असते तर आणखी आधी गेले असते. उपचारांना मी तीनदा नेलं, दोनदा तो खिडकीतून पळाला आणि तिसऱ्यांदा माझीच गाडी घेऊन पळाला. खोटंही फार बोलायचा, आणि इतकं गोड बोलायचा की मी दरवेळी फसायचे. हे सगळं पोरीला ठाऊक आहे. तिचं म्हणणं फक्त एवढंच, की जे खरं आहे तेवढंच त्याच्या माथी मारा.

तेव्हा आता सरळ विचारते. त्या रात्री गिटार बेसूर होती, की तुझा घसा बसला होता?

आणि दुसरं. शेवटच्या वर्षी तू इथे नव्हतास, तुम्ही बोलत नव्हतात. मग ही सात गाणी त्याने लावली कुणाच्या गळ्याला?

ताई


२६ फेब्रुवारी

भोंग्या,

तुझं लांबलचक पत्र दोन शिकवण्यांच्या मध्ये गाडीत वाचलं. पुढचा विद्यार्थी काचेवर टकटक करत होता. त्याला हाताने थांब म्हणून खुणावलं आणि मी रडून घेतलं. बिचाऱ्याला वाटलं, आपण परीक्षेत नापास झालो.

तुझंच तुला लिहून पाठवते, म्हणजे पुढे मागे ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणायची सोय राहायला नको. तू लिहिलंस:

‘ताई, त्या वर्षी संध्याकाळचे फोन यायचे. मी हॅलो म्हणायचो, पलीकडून आवाज नाही. बायकोला वाटलं माझं बाहेर काहीतरी लफडं आहे. असाच एकदा फोन आला आणि मागे खुंटी पिळल्याचा आवाज ऐकू आला. त्याची तिसरी खुंटी कुरकुरायची, मी तो आवाज झोपेतही ओळखेन. कळलं मला कोण आहे ते. बोललो नाही. काय बोलणार होतो, रेडिओवर जे बोलून बसलो होतो त्यानंतर? पण फोनही ठेवला नाही. तेव्हापासून मी हॅलो जरा लांबवायला लागलो. त्याची गिटार लावून होईपर्यंत. मग तोच ठेवायचा.’

अरे गाढवांनो! दोघं गाढव. एकाला तोंड उघडता येत नाही आणि दुसरा वर्षभर हॅलो-हॅलो करतो, पण ‘कसा आहेस’ म्हणत नाही. मी शेजारच्या खोलीत होते. मला एक हाक मारली असती तर दोघांच्या कानाला धरून बोलायला लावलं असतं.

राग आला तसंच बरंही वाटलं, हे लपवत नाही. तो त्या खोलीत एकटा आहे असं समजून मी झुरत होते. दार लावून संध्याकाळी तो काय करतो, पितो का, हे कान देऊन ऐकायचे. खुंट्यांची कुरकुर ऐकू यायची आणि वाटायचं, चाललंय आपलं काहीतरी. तो तुझ्याबरोबर तालीम करत होता.

माझ्या पहिल्या प्रश्नाचंही उत्तर दिलंस. ‘घसा माझा बसला होता.’ चार शब्द. इतकी वर्षं ते गिळून बसलास. तुला शिव्या द्यायला मी हे पत्र लिहायला घेतलं होतं, पण लिहिलंस याचंच कौतुक वाटतंय. शिव्या समोर आलास की देईन.

कारण तुला यावं लागणार आहे. पोरीला मी तुझं पत्र दाखवलं नाही. तुझ्याबद्दल तिच्याशी मी कशाला बोलू? तूच बोल. आणि गा. गिटार तुझ्या गळ्याला लावलेली आहे, त्यावर दुसरं कोण गाणार? कंपनीचा पोरगा?

‘गळा लिलावात गेला, आता नुसता घोगरा उरलाय’ हे रडगाणं माझ्याकडे चालायचं नाही. पाय थरथरतात म्हणून गाडी शिकायला नको म्हणणारे रोज येतात माझ्याकडे. मी त्यांना गाडीत बसवते आणि दार लावून घेते.

स्टुडिओ १२ एप्रिलला ठरवला आहे. उतरायला माझ्याकडेच ये.

ताई


१८ मार्च

भोंग्या,

घाईत लिहिते. येतोस म्हणून कळवलंस, त्यावर ढोल्याने आनंदाने दुकानातली एक गादी फाडली. मुद्दाम नाही, काठ्यांनी ठेका धरायला गेला.

कंपनीवाले आज पुन्हा आले होते. म्हणाले, निदान थोडी तरी पट्टी सरळ करू द्या, ऐकणाऱ्यांना विचित्र वाटेल. मी म्हटलं, वाटू द्या. म्हणाले, अहो, अगदी थोडी, कुणाच्या लक्षातही येणार नाही. मी म्हटलं, माझ्या येईल. मला सूर कळत नाही, पण कुणी हात लावला की कळतं. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि चहा पिऊन गेले.

तू लिहितोस, ‘गिटारीला हात लावू नका, मी जमवून घेईन.’ शाबास. फक्त आठवडाभर लिलावाला दुसरा माणूस उभा कर. आणि बायकोला घेऊन आलास तरी चालेल.

ताई


१५ एप्रिल

भोंग्या,

तू परवा एसटीत बसलास तेव्हा खिडकीतून मान बाहेर काढून ओरडलास, “ताई, गळा परत आला!” सगळं स्टँड वळून बघत होतं. तोंडभर हसत होतास. तसं हसताना मी तुला बँड नवा होता तेव्हा पाहिलं होतं. मीही हात हलवला. मग घरी आले आणि दोन दिवस हे पत्र लिहायचं टाळलं.

आधी चांगलं सांगते. त्या दिवशी सकाळी स्टुडिओच्या पायऱ्यांवर तू पोरीला थांबवलंस आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणालास, “तुझा बाबा त्या रात्री सुरात होता. मी नव्हतो. आणि रेडिओवर मी खोटं बोललो.” ती पाठ फिरवून आत गेली. तुला वाटलं रागावली. रागावलीच होती. पण रात्री तिने त्याची गिटार पलंगाखालून काढली, फडक्याने पुसली आणि भिंतीला टेकवून ठेवली. इतके दिवस ती त्या गिटारीला शिवत नव्हती.

आता दुसरं.

तू काचेच्या आतल्या खोलीत होतास, कानांवर हेडफोन. आमच्या बाजूचं तुला ऐकू येत नव्हतं. पहिल्याच गाण्यात वरच्या ओळीला तुझा आवाज फाटला. पुन्हा घेतलंस, पुन्हा फाटला. मग तू गरम पाणी प्यायला बाहेर आलास आणि मला म्हणालास, “होईल, ताई.” तुझी मान सगळी घामाने भिजलेली होती. पुन्हा आत गेलास आणि पुन्हा तेच झालं. धाकट्याने ऐकलेला तो हॅलो आता तुझ्याकडे राहिलेला नाही. मधल्या काळात गळा आणखी खाली आलाय. लिलाव म्हण, वय म्हण.

स्टुडिओवाला माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “बाई, माणूस आपटी खातोय. गिटार अर्धा स्वर उतरवतो. त्याला कळणारही नाही.”

तीन महिने मी केसभर, केसभर म्हणून कंपनीशी भांडले होते. ढोल्या माझ्याकडे बघत होता. पोरगीही बघत होती. मी काचेतून तुझ्याकडे बघितलं. डोळे मिटून तू गाणं सुरू व्हायची वाट बघत होतास. मला खरंच सांगते, फार विचार करावा लागला नाही. त्या खुर्चीत धाकटा असता तर त्याने काय केलं असतं, हे मला सुरातलं काही न कळताही कळत होतं.

मी म्हणाले, “उतरवा.”

मग तू गायलास. सातही गाणी. घोगराच गायलास, पण ढोल्यासारखा ढोल्या तोंडात रुमाल कोंबून बसला होता. बाहेर येऊन म्हणालास, “ताई, त्याच्या सुरात गायलो की नाही?” मी म्हणाले, “हो.”

खोटं बोलले. तू त्याच्या सुरात नाही गायलास, गिटार तुझ्या सुरात आणली.

तुला स्टँडवर सोडून परतताना पोरगी खिडकीबाहेर बघत बसली होती. घराच्या वळणावर आल्यावर म्हणाली, “आत्या, उतरवलीस ते बरोबर केलंस. पण सांगितलं नाहीस. बाबांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानेच तर सगळं झालं ना?”

या पोरीला मी मोकळ्या माळावर गाडी शिकवायला घेतली तेव्हापासून एकदाही माझ्या बाजूचा ब्रेक दाबावा लागलेला नाही. त्या दिवशी तिने माझा दाबला.

म्हणून सांगतेय. तुझा गळा परत आलेला नाही, भोंग्या. तो जसा आहे तसाच राहणार. आणि मला तो तसाच आवडला, हे मी तोंडावर बोलले नसते, म्हणून लिहिते.

उद्या मी सातही गाणी कंपनीला देणार आहे, उतरवलेलीच. एक अट घातली आहे. गाण्यांबरोबर ठळक अक्षरांत छापायचं: ‘गिटार गायकाच्या गळ्याप्रमाणे खाली उतरवली आहे.’ हे छापणार असतील तरच गाणी मिळतील. कंपनी कुरकुरली, मग कबूल झाली. शब्द तुझे आहेत, तेव्हा नाही म्हणायचा हक्क तुला आहे. पण तो नकार मला कळवू नकोस, पोरीला कळव.

छापून आलं की बाजारात चार लोक तुला चिडवतील. तुझी थोडी नाचक्की होईल. होऊ दे. त्याची तर इतकी वर्षं होत होती.

ताई